कंपनी काढताना हिशेबनीसाचे पैसे कोण देतो?

मंडळी, असं समजा, की सुगी संपली आहे आणि शाळेच्या ओसरीवर गावातले दहा-बारा शेतकरी जमले आहेत. तूर आपण पिकवतो, पण डाळ करून विकतो तो दुसराच. तेव्हा आपणच एक कंपनी काढावी आणि डाळमिल टाकावी, असा विचार चालला आहे. जागा ठरली, कुणी किती पैसे घालायचे तेही बोलून झाले. मग एकानं विचारलं, "कागदपत्रं कोण करणार?" दुसरा म्हणाला, "तालुक्याला सी. ए. आहेत. ते करून देतात, पण पैसे घेतात." त्यावर तिसरा लगेच म्हणाला, "पैसे कशाला घालवायचे? आपले गुरुजी आहेत की! अक्षर मोत्यासारखं, हिशेब चोख." आणि सगळे गुरुजींकडे बघू लागले.

गुरुजींनी काय उत्तर द्यावे? हा प्रश्न दिसतो घरगुती, पण त्याच्या पाठीमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. कंपनी उभी करताना हिशेबाच्या माणसाला किती द्यायचे यापेक्षाही ते कोणी द्यायचे, या एका गोष्टीवर अनेक कंपन्या तरल्या आणि अनेक बुडाल्या. तो इतिहास आज थोडक्यात पाहू.

हिशेब ठेवणारा माणूस आपल्याला नवा नाही. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द कंपन्यांच्या कायद्याहून जुने आहेत. गावाचे दप्तर कुलकर्णी ठेवी, परगण्याचे देशपांडे, आणि सरकारचे फडणीस. पेढीवर मुनीम असे. या साऱ्यांत एक गोष्ट समान होती. हिशेब ज्याच्यासाठी लिहायचा तो मालक कोण, हे ठाऊक असे. मुनीम सावकाराचा माणूस. सावकार त्याला पोसी, तो सावकाराची वही लिही. दोन भाऊ किंवा चार ओळखीचे व्यापारी भागीदारीत धंदा करीत, तेव्हा वही मध्ये ठेवून एकमेकांच्या डोळ्यांदेखत हिशेब होई. वेगळा तपासनीस कशाला हवा?

कंपनी म्हणजे मात्र निराळे प्रकरण. कंपनीत पैसा घालणारे एकमेकांना ओळखतातच असे नाही. धंदा चालवतो एक, पैसा असतो शंभरांचा. मग वही कोणाची? इथून आपली गोष्ट सुरू होते.

इंग्लंडमध्ये पूर्वी कंपनी काढायची तर राजाची सनद किंवा पार्लमेंटचा खास कायदा लागे. हे काम फार खर्चाचे. १७२० साली तिथे शेअरांचा मोठा सट्टा फुटला आणि तेव्हाच्या कायद्याने सनदेवाचून अशा कंपन्या काढायला बंदी केली. ही बंदी शंभराहून अधिक वर्षे टिकली. शेवटी १८४४ साली ग्लॅडस्टन व्यापार खात्यावर असताना नवा कायदा झाला: ठरलेले कागद नोंदणी कचेरीत द्या आणि कंपनी काढा. म्हणजे जे काम पूर्वी पार्लमेंटकडून करून घ्यावे लागे, ते आता वकील आणि हिशेबनीस यांच्या हाती आले. पुढे १८५५ साली मर्यादित जबाबदारीचे तत्त्व मान्य झाले. भागधारकाने आपल्या भागापुरतेच देणे लागायचे. कंपनी बुडाली तरी त्याच्या घरादारावर जप्ती यायची नाही.

याच सुमारास, १८५४ साली, स्कॉटलंडमधील एडिंबरो इथल्या हिशेबनीसांच्या मंडळाला राजसनद मिळाली. सनदेला इंग्रजीत चार्टर म्हणतात. 'चार्टर्ड अकाउंटंट' हे नाव त्यावरूनच आले, बरं का!

हे वारे लवकरच हिंदुस्थानात आले. १८५० च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथल्या सुप्रीम कोर्टांत कंपन्यांची नोंदणी सुरू झाली. १८५७ साली मर्यादित जबाबदारीही मिळाली. बँका आणि विमा कंपन्या तेवढ्या वगळल्या, आणि १८६० साली बँकांनाही ती सवलत दिली. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पाच लाख रुपये भांडवलाची कापडगिरणी कंपनी स्थापली आणि १८५६ साली ती गिरणी सुरू झाली. आरंभ चांगला झाला. व्यापाऱ्यांनी पैसा एकत्र केला, यंत्रे आणली, माल निघू लागला.

मग आले १८६१ साल. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. इतका पैसा ठेवायचा कुठे? रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या, बँका, पैसा पुरवणाऱ्या कंपन्या! कंपनी काढायला सात सह्या पुरत. जाहिरात छापली की लोक शेअरांसाठी धावत. कारकुनापासून कोट्यधीशापर्यंत सगळे त्यात पडले. कंपनीची वही कोणी पाहिली आहे, ती कोण लिहितो आणि कोण तपासतो, हे विचारायला कोणालाच सवड नव्हती.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे फेडण्याचा दिवस होता, आणि त्या दिवशी फेडायला कोणाजवळच पैसा नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. ही काही आडवाटेची बँक नव्हती. १८४० साली निघालेली आणि सरकारचाही त्यात भाग असलेली मोठी बँक होती. तीही मोडीत निघाली. १८६८ साली तिच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन बसले. कमिशनने काय सांगितले? कायद्याने पूर्वीचे निर्बंध सैल केले होते, बँकेच्या सेक्रेटरींनी त्या मोकळिकीचा गैरवापर केला, संचालकांनी लक्ष दिले नाही, आणि कायद्याचा नीट सल्ला घेतला नाही. एका वाक्यात सांगायचे तर कुंपणानेच शेत खाल्ले, आणि राखण करायला दुसरे कोणी ठेवलेच नव्हते.

मंडळी, हिशेबाच्या माणसाचे पैसे वाचवले म्हणून ते पैसे वाचत नाहीत. ते पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून, आणि अनेक पटींनी, जातात. १८६५ साली ते भागधारकांच्या खिशातून गेले.

त्यानंतर मुंबईत आणखी एक पद्धत रुजली. कंपनी काढणारी पेढी हीच तिची मॅनेजिंग एजंट होई. कंपनी स्थापण्याचा खर्च ही पेढी आधी आपल्या पदरचा करी आणि मागाहून कंपनीच्या नावे लिहून वसूल करी. वकील तिने निवडलेला, हिशेबनीसही तिचाच. अनेक गिरण्यांत मॅनेजिंग एजंटांचे कमिशन सुताच्या पौंडामागे पाव आणा असे ठरलेले असे. गिरणीला नफा होवो वा तोटा, सूत निघाले की कमिशन मिळायचेच! आता सांगा, ज्या हिशेबनीसाला पेढीने आणले, तो भागधारकांना उठून सांगेल का, की हे कमिशन जास्त होते आहे? त्याचा पगार जिथून येतो तिथेच त्याची नजर खाली जायची. या पद्धतीने उद्योग उभे राहिले, हेही खरे आहे. भांडवल आणि हिंमत त्या पेढ्यांनी दाखवली. पण तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच घरचे झाले. ही पद्धत कायद्याने पुरती बंद व्हायला १९७० साल उजाडावे लागले.

हे झाले मुंबईचे. तिकडे खेड्यात काय होते? तिथे कंपनी नव्हती, पण प्रश्न तोच होता. कर्जाची वही सावकार लिही, व्याज सावकार मांडी, आणि कुळाने फक्त अंगठा उठवायचा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे इथे शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दंगा पुणे-नगर भागात पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कशावर होता? कर्जाच्या रोख्यांवर आणि खतांवर. कागद हिसकावायचे आणि जाळायचे! जो हिशेब आपण कधी पाहिला नाही आणि तपासला नाही, त्याला आग लावणे एवढाच मार्ग त्यांना दिसला. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात गावोगावी दस्त नोंदवण्याची सोय केली, आणि कुळाला पावती व हिशेबाचा उतारा देण्याचे बंधन सावकारावर घातले. म्हणजे दोघांच्या मध्ये लेखणी धरणारा तिसरा माणूस लागतो, हे सरकारलाही पटले.

या अनुभवातूनच पुढे १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. हा कायदा आपल्या विषयाला फार जवळचा आहे. दहा माणसांनी एकत्र यावे आणि पतपेढी काढावी. नोंदणीची फी आणि स्टॅम्प माफ करण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे ठेवला. आणि मुख्य म्हणजे वर्षातून निदान एकदा रजिस्ट्रारने स्वतः किंवा आपला माणूस पाठवून दप्तर तपासलेच पाहिजे, असे ठरवले. गरीब शेतकऱ्याला वकील आणि हिशेबनीस परवडणार नाहीत, तेव्हा त्यांचा भार सरकारने उचलावा, हा त्यामागचा विचार. १९०५ साली त्या वेळच्या मुंबई इलाख्यात, धारवाड जिल्ह्यातील गदगजवळ कणगिनहाळ इथे या कायद्याखालची पहिली शेतकी पतपेढी निघाली. पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तोही याच परंपरेतला. अर्थशास्त्राचा पंडित आणि शेतकरी पुढारी एका मांडवाखाली आले, ही त्या कारखान्याची मोठी शिदोरी होती.

पण सरकारी तपासणीलाही दुसरी बाजू आहे. खर्च सरकारचा, म्हणून काळजीही सरकारचीच, असे सभासदांना वाटू लागते. तपासनीस आला काय, त्याने शेरे मारले काय, सर्वसाधारण सभेत ते कोण वाचतो? जिथे सभासद गप्प बसले तिथे अळीमिळी गुपचिळी झाली. म्हणून महाराष्ट्राच्या कायद्यात २०१३ साली बदल झाला. सरकारमान्य यादीतून आपला तपासनीस नेमण्याची जबाबदारी आता संस्थेच्या सर्वसाधारण सभेवर आली आहे.

आता पुन्हा कंपनीच्या वाटेवर येऊ. १९१३ साली नवा कंपनी कायदा झाला आणि त्याने दोन महत्त्वाच्या गोष्टी केल्या. पहिली अशी, की लोकांकडून पैसा मागताना जी जाहिरात काढायची तिच्यात कंपनी स्थापण्याचा प्रारंभिक खर्च किती, हे लिहायचे. वकिलाला काय, हिशेबनीसाला काय, छपाईला काय, हे झाकून ठेवायचे नाही. दुसरी अशी, की सार्वजनिक कंपनीचा हिशेब तपासणाऱ्याला सरकारचा दाखला पाहिजे. कोणीही ओळखीचा माणूस चालायचा नाही. हा कायदा १ एप्रिल १९१४ पासून अमलात यायचा होता. तोवर काय झाले पाहा! १९१३ च्या अखेरीस मुंबईची इंडियन स्पेशी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली. स्वदेशीच्या उमेदीत निघालेल्या इतरही काही बँका त्या सुमारास गेल्या. कायदा येत होता, पण ठेवीदारांसाठी तो उशिराच ठरला.

दाखल्याची अट घातली, पण दाखला घेण्याजोगी माणसे कुठे होती? तोवर अशा कामाला विलायतेचे शिकलेले हिशेबनीस असत आणि त्यांचा मेहनताना मोठ्या कंपन्यांनाच झेपे. १९१३ साली मुंबईत सिडनेहॅम कॉलेज निघाले आणि व्यापाराचे उच्च शिक्षण इथेच मिळू लागले. १९१८ साली मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली, तिला जी. डी. ए. म्हणत. परीक्षा द्यायची आणि जाणत्या हिशेबनीसाच्या हाताखाली उमेदवारीही करायची. १९३२ साली सर्व देशासाठी नियम झाले, आणि स्वातंत्र्यानंतर १ जुलै १९४९ रोजी आपली स्वतःची चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष मुंबईचे जी. पी. कापडिया. शिक्षक मंडळींनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. तालुक्याच्या गावी आज जी सी. ए. ची पाटी दिसते, तिच्यामागे इतकी वर्षे आहेत. चूक केली तर त्या माणसाची सनद जाऊ शकते. आपण त्याला पैसे देतो ते नुसत्या लिहिण्याचे नव्हेत. त्याच्या सहीला जी जोखीम आहे, तिचे देतो.

आता आपल्या शाळेच्या ओसरीवर परत जाऊ. शेतकऱ्यांना कंपनी काढता यावी म्हणून २००२ साली कंपनी कायद्यात खास प्रकरण घातले गेले. दहा शेतकरी एकत्र आले की शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. तिच्या स्वरूपात सहकाराचे तत्त्व आणि कंपनीची शिस्त यांची सांगड आहे. आज कंपनीची नोंदणी संगणकावरून होते. तरीही कंपनी उभारण्याच्या कामात असलेल्या वकिलाने, सी. ए. ने, कॉस्ट अकाउंटंटने किंवा कंपनी सेक्रेटरीने, 'कायद्याप्रमाणे सर्व झाले आहे,' असे सही करून सांगावे लागते. म्हणजे गुरुजींचे अक्षर कितीही मोत्यासारखे असले, तरी ही सही त्यांना करता येणार नाही.

खर्च किती येतो? तो तीन ठिकाणी जातो. एक, केंद्र सरकारची नोंदणी फी; २०१९ पासून पंधरा लाखांपर्यंत अधिकृत भांडवल असेल तर ती माफ आहे. दोन, राज्याचा स्टॅम्प. तीन, सल्लागाराचा मेहनताना. हा गावागावाला आणि कामाप्रमाणे बदलतो, म्हणून आधी लेखी विचारून घ्यावा. केंद्र सरकारने २०२० साली शेतकरी उत्पादक संघटनांसाठी जी योजना काढली, तिच्या नियमांतला आकडा मापाला उपयोगी पडेल. नोंदणीच्या खर्चासाठी एकदाच जास्तीत जास्त ४० हजार रुपये, आणि हिशेबनीसाच्या पगारासाठी महिना जास्तीत जास्त १० हजार रुपये, अशी त्यात तरतूद केली होती. आणि ही मदत तीन वर्षांपुरती. हे आकडे शेजारी ठेवून पाहा. नोंदणी एकदाच होते. हिशेबनीसाचा पगार मात्र वर्षाला लाखाच्या वर जातो, आणि चौथ्या वर्षापासून तो कंपनीलाच द्यायचा असतो. खरा खर्च कंपनी काढण्याचा नाही, ती नीट ठेवण्याचा आहे! याचा विचार ज्यांनी पहिल्या दिवशी केला नाही, त्यांची कंपनी कागदावर उरते.

आणि हे पैसे कोणी द्यायचे? याचे उत्तर शेतकरी कंपन्यांच्या त्या प्रकरणातच आहे. कंपनी काढणाऱ्यांनी नोंदणी, कायदेशीर सल्ला, छपाई यांवर केलेला खर्च कंपनीने त्यांना परत द्यावा, पण केव्हा? सभासदांच्या पहिल्या सर्वसाधारण सभेने मंजुरी दिली तर! १८६५ साली हा खर्च कोणी विचारला नाही. मॅनेजिंग एजंटांनी तो आपल्या पेढीवर ठरवला. १९०४ साली सरकारने उचलला. १९१३ साली तो जाहीर करायला लावला. आणि आता तो सभासदांनी पाहून, विचारून मंजूर करायचा आहे. एवढी वाट चालून लेखणी ज्यांच्या पैशाची, त्यांच्या हाती आली आहे.

तेव्हा गुरुजींनी ओसरीवरच्या मंडळींना असे सांगावे: "रोजकीर्द कशी लिहायची ते मी पोरांना शिकवीन. पहिल्या सभेत जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवीन. पण नोंदणीची सही आणि वर्षाची तपासणी ज्याचं काम त्यालाच द्या, आणि त्याचे पैसे एकट्यानं देऊ नका. एकट्यानं दिले तर तो एकट्याचा माणूस होईल. शेअरामागे सगळ्यांनी सारखे घाला, म्हणजे तो सगळ्यांचा होईल. आणि त्याला काय दिलं ते पहिल्या पानावर लिहा."

वही कोऱ्या पानाने सुरू होते, मंडळी. त्या पानावरचा पहिला खर्च उघड्या डोळ्यांनी लिहिला, तर पुढची पाने वाचायला कोणाला भीती वाटायची नाही.